तीन दर लावायचे आहेत. विद्यार्थी सवलत कोणत्या झोनमध्ये घालू?

खिडकीवरची:
आमच्या नाट्यगृहात आजवर सगळ्या खुर्च्यांना एकच दर होता. नव्या मोसमापासून तीन दर करायचं ठरलंय आणि तिकिटांच्या सॉफ्टवेअरमध्ये ते लावायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आधीच्या माणसाने चाचणीसाठी केलेले सहा झोन तसेच पडून आहेत: पुढचे, मधले, मागचे, विद्यार्थी, ज्येष्ठ, गट. पण एखाद्या विद्यार्थ्याला मधल्या रांगेत बसायचं असेल तर? एक खुर्ची दोन झोनमध्ये घालू देतच नाही. शिवाय शनिवार-रविवारचा दर चढा ठेवायचाय. त्यासाठी सॉफ्टवेअरमधल्या खुर्च्यांच्या नकाशाची दुसरी प्रत काढू का?

जुना_बुकिंगवाला:
घालू देत नाही ते बरंच आहे! झोन खुर्चीला लागतो, सवलत माणसाला. विद्यार्थी, ज्येष्ठ, गट हे तिकिटाचे प्रकार आहेत, ते झोनच्या यादीतून आधी काढा. मग उभे तीन झोन आणि आडवे चार प्रकार (चौथा अर्थात पूर्ण दर) असा बारा चौकटींचा तक्ता होईल. झोनचे दर १००, ७५, ५० धरले आणि विद्यार्थ्यांना २० टक्के सूट दिली, तर त्यांच्या चौकटींत ८०, ६०, ४० येतील. पहिल्या झोनमध्ये सवलत द्यायचीच नसेल तर तिथे विद्यार्थी प्रकार बंद करा. शून्य टाकू नका. शून्य म्हणजे फुकट, आणि ते सगळ्यात आधी विद्यार्थ्यांच्याच लक्षात येतं.

नकाशाची प्रत मुळीच काढू नका. उद्या ध्वनियोजनेच्या टेबलासाठी चार खुर्च्या अडवायच्या झाल्या की प्रत्येक प्रतीत जाऊन अडवत बसाल, आणि एखादी राहून गेली की त्या टेबलावर प्रेक्षक बसवायची वेळ येईल. नकाशा एकच ठेवा, दरपत्रकं दोन करा आणि प्रत्येक प्रयोगाला हवं ते जोडा. ही सोय बहुतेक ठिकाणी असते, फक्त नाव वेगळं असतं.

विंगेतून:
एक सांगू? पट्टी घेऊन रांगांप्रमाणे झोन पाडू नका. रंगमंच उंच असेल तर पहिल्या रांगेत मान वर करून बसावं लागतं, नटांची पावलंही दिसत नाहीत. टोकाच्या खुर्च्यांवरून आपल्याच बाजूची विंग आणि नेपथ्याचा तो कोपरा झाकला जातो. बाल्कनीची पहिली रांग मात्र बहुतेक वेळा खालच्या शेवटच्या रांगांपेक्षा सरस असते, कारण बाल्कनीखाली बसलं की नेपथ्याचा वरचा भाग कापला जातो आणि आवाजही दबतो. रिकाम्या नाट्यगृहात स्वतः बसून बघा आणि मगच रंग भरा. सगळ्यात महाग झोन लहानच ठेवा. तो अर्धा रिकामा राहिला तर ते भगदाड नटांना थेट समोर दिसतं, आणि प्रयोगावर त्याचा परिणाम होतो, कुणी काहीही म्हणो.

खांबाआडच्या खुर्च्या असतील तर त्यांचा वेगळा झोन करा आणि खुर्ची निवडतानाच सूचना दिसेल असं बघा. तिकिटाच्या मागे छापलेलं कुणी वाचत नाही.

खिडकीवरची:
दोघांचेही आभार. झोन साफ केले, तक्ता बसला. आता एकच: विक्री सुरू झाल्यावर एखादी रांग वरच्या दरात नेता येते का?

जुना_बुकिंगवाला:
येते. विकलेलं तिकीट सहसा जुन्याच दरात राहतं, नवा दर उरलेल्या खुर्च्यांना लागतो. खरी कटकट तिकीट बदलून देताना होते: फरक जुन्या दरावर धरायचा की नव्या, हे आधी ठरवून खिडकीवर सगळ्यांना एकच सांगा. परतावा मात्र ग्राहकाने प्रत्यक्ष भरले तेवढाच. शेजारच्या खुर्चीला कमी पैसे पडले म्हणून भांडायला येणारेही भेटतील, त्यामुळे रांग अर्धवट हलवू नका.

विक्री उघडण्याआधी प्रत्येक झोनचं एकेक तिकीट स्वतः काढून बघा. तेही फोनवरून, ग्राहकासारखं, व्यवस्थापकाच्या खात्यातून नव्हे. सेवाशुल्क तिकिटामागे लागतं की एकूण खरेदीवर, ते तिथेच कळतं. सवलतीनंतरचे सुटे पैसे कसे पूर्णांकात बसतात तेही बघून घ्या.

विंगेतून:
आणि झोनला लाल-हिरवा ही जोडी नको. काहींना त्यातला फरकच दिसत नाही. रंगाबरोबर नकाशावर अक्षरही टाका.