विषय: गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडकते, दिवा लुकलुकतोय

नोव्हीहून (मिशिगन), रविवार रात्री

नमस्कार मंडळी,
आमची २००५ ची सेडान, ऑटोमॅटिक, १,६२,००० मैल झालेली. गुरुवारपासून 'चेक इंजिन' लागलाय आणि 'ओ/डी ऑफ'चा (ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, बंद असल्याचा) दिवा लुकलुकतोय. सिग्नलवरून म्हशीसारखी उठते, फ्रीवेवर ६० ला इंजिन ४,००० आरपीएमवर बोंबलतं. गॅरेजवाला म्हणाला, ट्रान्समिशन (गिअरबॉक्स) गेलं, ३,६०० डॉलर. गाडी विकूनही तेवढे यायचे नाहीत! पार्ट्सच्या दुकानात गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड फुकट वाचून दिले: पी०७०० आणि पी०७२०. स्पीडोमीटरचा काटाही मधूनच शून्यावर येतो, पण ते तूर्त राहू दे. ट्रान्समिशनचं विश्वासातलं दुकान कुणाला माहीत आहे का?

ट्रॉयहून, सोमवार

अगं, 'तूर्त राहू दे' म्हणतेस तिथेच मेख आहे. पी०७०० म्हणजे वर्गातला मॉनिटर. कुणीतरी दंगा करतंय एवढंच सांगतो, नाव सांगत नाही. नाव पी०७२० ने सांगितलंय: आउटपुट स्पीड सेन्सरचं (ट्रान्समिशनमधून बाहेर पडणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरचं) सर्किट. बऱ्याच गाड्यांत काट्यालाही वेग तिथूनच कळतो. वेग कळेना झाला की कॉम्प्युटर घाबरून एकच गिअर धरून बसतो. यालाच लिंप मोड म्हणतात. आपल्या मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने सेन्सरच्या वायरचे कनेक्टर सडतात, आधी तो उघडून बघ.

ट्रान्समिशनचं तेलही बघ. गाडी गरम, सपाट जागा, बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून (काहींत बंद, मॅन्युअल बघ). डिपस्टिक पांढऱ्या टिश्यूवर टेकव. लाल किंवा विटकरी असेल तर घाबरू नकोस. काळं आणि जळका वास आला, तर गॅरेजवाला बरोबर. गुलाबी मिल्कशेकसारखं दिसलं, तर रेडिएटरचं पाणी आत शिरलंय. मग गाडी हलवूच नकोस.

आणि हो, 'चेक इंजिन' स्वतःच लुकलुकायला लागला तर तो इंजिनाचा मिसफायर (इंधन नीट पेटत नाही), त्याने धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो. तुझा स्थिर आहे ना?
– निवृत्त गिअरवाले काका

कँटनहून, सोमवार

काकांना अनुमोदन. बॅटरीही तपासा. माझी मरायला टेकली होती तेव्हा डॅशबोर्डवर दिवाळी होती. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १४ हवेत.

नोव्हीहून, शनिवार

काका, 'चेक इंजिन' स्थिरच होता. कनेक्टरमध्ये हिरवा गंज, एक पिन बोटाने हलवली तर हातातच आली! सेन्सर आणि नवा कनेक्टर मिळून ७० डॉलर, कोड पुसले. काटा धड झाला, चारही गिअर पडतात. टिश्यूवर विटकरी डाग, वास नाही. पण ४५ च्या आसपास रंबल स्ट्रिपवरून (रस्त्याकडेच्या खडबडीत पट्ट्यांवरून) गेल्यासारखी थरथरते. तेच दुखणं का?

ट्रॉयहून, शनिवार रात्री

नाही, हे दुसरं. मला टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि ट्रान्समिशन जोडणाऱ्या भागाच्या) क्लचचा संशय आहे. मोकळ्या रस्त्यावर ४५ ला ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक नुसता टेकव. थरथर तिथल्या तिथे थांबली तर तोच. बऱ्याचदा ट्रान्समिशनचं तेल बदलून भागतं, पण मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाल. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेली बाटली नको. खालचा पॅन काढून जुनं तेल निम्मंही निघत नाही, म्हणून काहीशे मैलांनी पुन्हा बदलायचं.

उद्या मराठी शाळेला येशील तेव्हा गाडी गरम असेलच. पार्किंगमध्ये बघू. टिश्यू आण.