कंपवात: व्यायामाने मेंदूतल्या पेशी 'परत जिवंत' होतात?

पेरूगेट:
बाबांना पार्किन्सन्स (कंपवात) होऊन ६ वर्षं झाली. परवा नातेवाइकांच्या ग्रुपवर ढकलपत्र आलं: 'व्यायामाने मेंदूतल्या मेलेल्या पेशी जिवंत होतात, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात सिद्ध!' मूळ पेपर (२०२४) काढून वाचला. माणसं किती? १०! सगळे आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले. ६ महिने दणकून व्यायाम, आधी आणि नंतर स्कॅन. डोपामाइन (हालचालींना लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात; त्यांचा सिग्नल घटायच्या ऐवजी वाढला. पण तुलनेला व्यायाम न करणारा गटच नाही. एवढ्यावर ढोल-ताशे? आणि इकडे बाबा म्हणतात, "मीच कमी पडलो."

टेकडीवाला:
१० जणांचं सोडा. नेदरलँड्समध्ये १३० रुग्ण होते (२०१९). अर्धे घरी सायकलवर, अर्धे नुसतं स्ट्रेचिंग. ६ महिन्यांनी, गोळीचा असर उतरलेला असताना तपासलं, तर हालचालींच्या गुणांत ४.२ चा फरक, सायकलवाल्यांच्या बाजूने. त्यातल्या काहींचे एमआरआयही झाले. मेंदू आक्रसण्याचं प्रमाण सायकलवाल्यांत कमी. तुलनेचा गट हवा होता ना? घ्या.
(सारसबागेत गप्पा मारत घातलेल्या फेऱ्या यात धरू नयेत. अमेरिकेत याच आजाराच्या रुग्णांवर झालेल्या ट्रेडमिलच्या एका वेगळ्या चाचणीत तीव्र गटाला नाडीच्या कमाल ठोक्यांच्या ८०-८५ टक्क्यांपर्यंत पळवलं होतं.)

पेरूगेट:
हे मान्य. पण म्हणून 'पेशी जिवंत' कुठून आलं? येलच्या स्कॅनमध्ये दिसतं ते डोपामाइन परत आत ओढणारं प्रथिन. उरलेल्या पेशी जास्त जोमाने काम करायला लागल्या तरी तो सिग्नल वाढेल. मेलेली पेशी उठून बसली असं त्यात कुठेच नाही. शिवाय या आजारात नुसत्या खोट्या औषधानेही मेंदूत डोपामाइन सुटतं, हे २००१ मध्येच पेट स्कॅनवर दिसलंय. मग 'आता मी सुधारणार' या उमेदीचा वाटा किती आणि घामाचा किती?

कंपूकाका:
मी स्वतः रुग्ण, वय ६८. पेशी जुनी की नवी, मला देणंघेणं नाही. सायकल सुरू केल्यापासून शर्टाची बटणं माझी मी लावतो. उमेदीने होत असेल तर उमेद द्या की राव, पथ्य थोडंच आहे तिला!

पेरूगेट:
काका, तुमच्याशी वाद नाही. भांडण त्या ढकलपत्राशी. बाबांना सायकल नकोच आहे, बॅडमिंटन म्हणतात. चालेल?

कंपूकाका:
घाम आला की चालेल. गोळीचा असर असताना खेळा, डॉक्टरांना एकदा विचारून. आणि पडलेलं फूल उचलायला तुम्ही वाका, त्यांना वाकू देऊ नका.