प्रायश्चित्तकाळ, मटण आणि मोबाइल
विवेक, न्याय, धैर्य, संयम ही ख्रिस्ती शिकवणीतल्या चार मुख्य सद्गुणांची यादी आजच्या धावपळीत पुस्तकी वाटते, असं काही जण म्हणतात. पण हे चौघे मुळात चर्चमध्ये जन्मलेच नाहीत. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोकडे ते आधीच आहेत. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्यांना 'कार्डिनल' म्हटलं; लॅटिनमध्ये कार्डो म्हणजे दाराची बिजागरी. चर्च या चौघांना जोडतं ती विश्वास, आशा, प्रीती ही त्रयी बायबलमधल्या संत पौलाच्या पत्रातली. पुढे १३ व्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस सद्गुणाला सवय म्हणतो आणि मला तेच पटतं. सवय रोज घोटावी लागते.

आमच्या वसईत राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की, कित्येक घरांत मटण बंद. मीही सोडायचो आणि शुक्रवारी पापलेटावर आडवा हात मारायचो! (मासे चालतात हो, नियमात बसतं.) गेल्या वर्षी आई म्हणाली, "मटण सोडलंस, फोन कधी सोडणार?" मग चाळीस दिवस रात्री नऊनंतर फोन स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर. पहिला आठवडा हात आपोआप उशीखाली जायचा. अकराव्या दिवशी नेम मोडला, बाराव्या दिवशी फोन परत डब्यावर.

विवेकाचं प्रकरण जास्त अवघड. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी खोटी बातमी टाकली, तर चारचौघांत चूक काढायची की एकट्याला गाठायचं? मी हल्ली सरळ फोन करतो. काका चिडतात, पण रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर चहाला थांबवतात.