सायकलच्या हँडलच्या जुन्या मुठी कशा काढाव्यात?

प्रश्न (खानापूर): आमच्याकडच्या पावसात भिजून सायकलच्या रबरी मुठी चिकट झाल्या आहेत, त्या कापाव्यात की तशाच निघतील, हे कृपया सांगावे.

उत्तर (बेळगाव): टाकायच्याच असतील, तर ब्लेडने सरळ उभी चीर द्यावी. जपायच्या असल्यास कडेखालून स्पोकची बोथट तार सरकवावी, फटीत साबणाचे पाणी सोडावे आणि मूठ पिळत पिळत ओढावी. तेल मात्र अजिबात नको. ते आत राहते आणि उतारावर मूठ हातातच फिरते.

उत्तर (निपाणी): सहमत आहे. नवी मूठ बसवताना नळी कोरडी पुसून मुठीच्या आत थोडे स्पिरिट लावावे, म्हणजे ती सहज सरकते आणि स्पिरिट उडून गेल्यावर घट्ट बसते. सरळ हँडलची नळी बहुधा २२.२ मिलिमीटर व्यासाची असते. तरीही जुनी मूठ दुकानात सोबत न्यावी.