मदत हवी आहे: आईच्या अपघाताचा दावा, पण पगाराची स्लिप नाही

नमस्कार. आम्ही कळव्याला राहतो. चार महिन्यांपूर्वी घोडबंदर रोडवर मानपाड्याजवळ रस्ता ओलांडताना आईला टेम्पोने उडवलं. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड आहे. एफआयआर झालाय, टेम्पोचा विमाही चालू होता.

आई १२ वर्षं पोळीभाजीचे डबे करून देते. पैसे रोख, हिशेब शंभरपानी वहीत: ‘दुसरा मजला २ डबे, शनिवारी नको.’ परवा उंच स्टुलावर बसून पोळ्या लाटायला गेली, तिसऱ्या पोळीलाच तिला रडू आलं. विमा कंपनीचा माणूस म्हणतो, स्लिप नाही म्हणजे उत्पन्न नाही, ७० हजार घ्या आणि सही करा. मला हे अजिबात पटत नाही. सही केलेली नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली ठाण्यात दावा लावायचाय. कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलीय, म्हणून जीव टांगणीला आहे. कलम १६४ मध्ये चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, पण ते स्वीकारले की १६६ चा दावा संपतो.

वही आणि गिऱ्हाइकांच्या साक्षीवर कुणाचं उत्पन्न धरलं गेलंय का? अपंगत्वाचा दाखला रॉड आत असतानाच काढावा का? आणि ठाणे कोर्टात अशी कामं करणारा चांगला वकील सुचवा. एकाने भरपाईतले २५ टक्के मागितले. बार कौन्सिलच्या नियमात हे बसत नाही, म्हणून त्यांना नाही सांगितलं.