प्रेसमध्ये दोन बोटे गेलेल्या भावाची भरपाई आणि नव्या कामाचे प्रशिक्षण : मार्गदर्शन हवे आहे (नाशिक)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पॉवर प्रेसवर (पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या यंत्रावर) कामाला होता. तो ठेकेदारामार्फत लागलेला असल्यामुळे कंपनीच्या पटावर त्याचे नाव नाही. वय 30, शिक्षण आयटीआय फिटर, पगार 14,500 रुपये. ऑगस्ट 2024 मध्ये दुसऱ्या पाळीत डायमध्ये (साच्यात) अडकलेला पत्रा काढताना प्रेस खाली आला आणि उजव्या हाताची तर्जनी व मधले बोट मुळापासून गेले. दोन्ही हातांनी बटणे दाबल्याखेरीज प्रेस चालू नये अशी सोय त्या मशीनला मुळात होती; उत्पादन वाढावे म्हणून ती काढून फूट पेडल बसवले होते. तिथल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, मात्र कागदावर ते कुठेही नाही.

पगारातून दरमहा 109 रुपये कर्मचारी राज्य विम्याचे (ईएसआय) कापले जात होते आणि ते भरलेही गेले होते, एवढे नशीब. त्यामुळे उपचार झाले आणि सुटीच्या काळात तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, म्हणजे सरासरी रोजाच्या 90 टक्के रक्कम, मिळाली. त्यानंतर मेडिकल बोर्डाने कमाईच्या क्षमतेतील घट 20 टक्के ठरवली. कायद्याच्या अनुसूचीत एका हाताची दोन बोटे गेल्यास 20 टक्केच आहेत, त्यामुळे बोर्डाला दोष देता येत नाही. पण त्याच अनुसूचीत पूर्ण तर्जनीला 14 आणि पूर्ण मधल्या बोटाला 12 टक्के आहेत. वेगवेगळी मोजली तर 26, जोडीने गेली म्हणून 20, हे मी तीनदा वाचून पाहिले. रोजचा पगार 500 रुपये धरला तर त्याचे 90 टक्के 450, आणि 450 चे 20 टक्के म्हणजे दिवसाला 90 रुपये, महिन्याला सुमारे 2,700. ही रक्कम आयुष्यभर मिळेल हे खरे, पण तेवढ्यावर सिडकोतल्या खोलीचे भाडेसुद्धा भागत नाही.

ठेकेदार 60,000 रुपये द्यायला तयार आहे, मात्र त्यासाठी 'माझी कोणाविरुद्धही कसलीही तक्रार उरलेली नाही' असे स्टॅम्पपेपरवर लिहून हवे आहे. उलट शेजारचे एक गृहस्थ म्हणतात की अपघाताच्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याखाली कामगार न्यायालयात जा. त्या कायद्याप्रमाणे मी आकडेमोड केली : पगाराचे 60 टक्के, गुणिले त्याच कायद्याच्या तक्त्यातला तिसाव्या वर्षाचा गुणक 207.98, त्याचे 20 टक्के, म्हणजे जवळपास 3 लाख 62 हजार. विम्याचा लाभ घेतल्यावरही हा दावा करता येतो का? शिवाय तो सुटीवर असतानाच ठेकेदाराने त्याला पटावरून कमी केल्याचे पत्र दिले आहे. ते योग्य आहे का?

सर्वांत महत्त्वाची विचारणा पुढची आहे. त्याला आता व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) नीट धरता येत नाही आणि ॲलन की हातातून निसटते. घरी बसायची मात्र त्याची तयारी नाही. राज्य विमा महामंडळ व्यावसायिक पुनर्वसनाच्या प्रशिक्षणासाठी दिवसाला 123 रुपये किंवा प्रत्यक्ष फी, यांपैकी जास्त असेल ती रक्कम देते. वयाची अट 45 पर्यंतची असल्याने तिथे अडचण नाही, पण अपंगत्व किमान 40 टक्के लागते आणि त्याचे 20 आहे. ज्याचा हातच त्याचे हत्यार होता, त्याने दुसरे काम शिकायचे कुठे आणि कोणाच्या खर्चाने?

प्रतिसाद

सातपूरला कामगार संघटनेच्या कार्यालयात मी काही वर्षे अशीच प्रकरणे हाताळली आहेत, त्यावरून लिहितो. 3 लाख 62 हजारांचा विचार सोडून द्या. अपघाताच्या वेळी लागू असलेल्या राज्य विमा कायद्याच्या कलम 53 नुसार विमाधारकाला त्याच अपघातासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. डावा हात कोपराच्या वरून कापावा लागलेल्या एका सुताराला सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली पूर्ण अपंग मानले होते, कारण त्याला सुतारकाम करणे शक्य उरले नव्हते. तो निकाल तुम्हाला कोणीतरी दाखवेलच, पण ते प्रकरण 1923 च्या कायद्याखालचे आहे, आणि तो मार्ग तुम्हाला बंद आहे. टक्केवारी मान्य नसेल तर मेडिकल अपील ट्रिब्युनलकडे जाता येते. मात्र अनुसूचीतच आकडा दिलेला असताना तिथे फार आशा धरू नका.

आता ठेकेदाराकडे पाहा. अपघाताची भरपाई त्याच्याकडून मागताच येत नसेल, तर तो 60,000 रुपये कशासाठी देतो आहे? तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना कामगाराला काढू नये असे त्याच विमा कायद्याचे कलम 73 सांगते, आणि त्या काळात दिलेली काढल्याची नोटीस ग्राह्य धरली जात नाही. सहा महिने उलटल्यावर नियमांत काही मुभा आहे, पण तुमचे प्रकरण त्याच्या आतले दिसते. त्यात भर म्हणून मशीनचे संरक्षण काढल्याची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे होऊ शकते. त्याला ती सही या दोन गोष्टी टाळण्यासाठी हवी आहे. तेव्हा पैशाऐवजी काम मागा : स्टोअर, टूल क्रिब (हत्यारे ठेवण्या-देण्याची जागा) किंवा मालाची तपासणी, आणि सोबत प्रशिक्षणाची फी. पत्र मूळ मालकालाही, म्हणजे कारखान्याच्या कंपनीलाही, पाठवा, कारण विमा कायद्यात ठेकेदाराच्या माणसांची जबाबदारी त्याच्यावरही येते.

चाळीस टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्यांना प्रशिक्षणाचा भत्ता नाही, ही या योजनेतली मोठी उणीव आहे. तरीही मुंबईला दिव्यांगांसाठीचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे, तिथे त्याला एकदा घेऊन जा. सातपूरच्या आयटीआयमध्ये अल्प मुदतीचे वर्गही विचारून पाहा. फिटरला ड्रॉइंग वाचता येते, म्हणून सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचे) प्रोग्रामिंग किंवा तपासणीचे काम त्याला लवकर जमेल.

धागाकर्त्याचे उत्तर

मनापासून आभार. कमी केल्याच्या पत्रावर 11 ऑक्टोबरची तारीख आहे आणि लाभ 30 नोव्हेंबरपर्यंत बँकेत जमा झाला आहे. पासबुकातील त्या नोंदी आणि डॉक्टरांच्या रजेच्या दाखल्यांच्या प्रती जोडून या आठवड्यात दोघांनाही पोस्टाने पत्र पाठवतो. सही करायची नाही, असे भावाला आजच सांगितले आहे. पत्रात तपासणी विभागातलेच काम मागावे, की 'योग्य ते पर्यायी काम' एवढेच लिहावे, हे सांगू शकाल का?