रिव्हर फिनिक्स : मृत्यूआधीचे काम

अमेरिकी चित्रपट अभिनेता रिव्हर फिनिक्स याचे नाव केवळ अकाली मृत्यूमुळे टिकले, हे मत मला पटत नाही. ३१ ऑक्टोबर १९९३ रोजी, वयाच्या अवघ्या २३व्या वर्षी अमली पदार्थांनी त्याचा बळी घेतला हे खरे. पण त्याआधीच 'रनिंग ऑन एम्प्टी'तील भूमिकेसाठी त्याला सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले होते. पोलिसांपासून लपत गावोगाव नावे बदलणाऱ्या आईवडिलांचा मुलगा त्याने त्यात साकारला, आणि एका धर्मपंथात सामील झालेल्या आईवडिलांबरोबर व्हेनेझुएलापर्यंत भटकण्यात गेलेले त्याचे स्वतःचे बालपण त्या भूमिकेत उतरले असावे, असे मला मनापासून वाटते.

'माय ओन प्रायव्हेट आयडाहो'तील शेकोटीचा प्रसंग तर अवश्य पाहावा. अंग आक्रसून बसलेला तो तरुण नजर चुकवत, अडखळत मित्रापाशी प्रेमाची कबुली देतो. हा प्रसंग फिनिक्सने बव्हंशी स्वतःच नव्याने लिहिला होता. याच चित्रपटासाठी १९९१ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला, तेव्हा त्याने नुकतीच एकविशी गाठली होती.